एक नाव मी देते

आमच्या दुकानाच्या समोरच इस्पितळाचं मोठं फाटक आहे. त्या फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या निम्म्या माणसांच्या अंगावर माझ्या हातचे कपडे असतात. डॉक्टरांचे पांढरे कोट, नर्सचे फिकट निळे गणवेश, साफसफाई करणाऱ्यांचे करडे सदरे, सगळं माझ्या मशीनवरून जातं. मी शिंपी. आमची ही त्याच इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वॉर्डाची प्रमुख नर्स. तिला सगळे ‘मोठ्या सिस्टर’ म्हणतात. उंचीला ती माझ्या खांद्यालाही लागत नाही, पण ती वॉर्डात शिरली की उभी असलेली माणसं आणखी ताठ होतात आणि बसलेली उगाचच काहीतरी शोधायला लागतात.

मुलगी एकुलती एक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायला लागलो, ते आजतागायत. भिंगरी डॉक्टर झाली तेव्हा दुकानात येईल त्याला मी चहा पाजला. पण ती कोणाला तपासत नाही, औषधं देत नाही, हे ऐकल्यावर गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडायची. “मग करते काय ती?” शेवटी मी तिलाच विचारलं.

ती म्हणाली, “बाबा, एकेका माणसाचा आजार बघणारे पुष्कळ आहेत. मी अख्ख्या वस्तीचा बघते. कोणता आजार किती जणांना आहे, त्यांना त्याची कितपत माहिती आहे, आणि माहिती असूनही ते गप्प का बसतात.”

मी गिऱ्हाइकांना हेच सांगायला लागलो. त्यांना कळायचं की नाही देव जाणे, पण मला सांगताना फार बरं वाटायचं.

तर ही भिंगरी एक दिवस अभ्यासाची परवानगी घेऊन आमच्याच इस्पितळात आली. रक्तातून पसरणारी काविळीची एक जात असते, हिपॅटायटिस बी. वर्षानुवर्षं शरीरात दडून राहते, काही त्रास देत नाही, आणि आतल्या आत यकृत पोखरते. इस्पितळात काम करणाऱ्यांना तिचा धोका जास्त, कारण त्यांना वापरलेल्या सुया टोचतात. भिंगरीला बघायचं होतं, की आमच्या इस्पितळातल्या किती कर्मचाऱ्यांना ही लागण आहे, त्यांना तिच्याबद्दल काय ठाऊक आहे, आणि ते मुळात कसे जगतायत. झोप किती, थकवा किती, आजारी पडले तर रजा मिळते का, मन कशात लागतं का.

प्रश्नांचा भाग झकास पार पडला. इस्पितळातल्या लोकांना जन्मात कोणी विचारलं नव्हतं की तुम्ही कसे आहात. वॉर्डात बेडपॅन देणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या एक मावशी आहेत. जिभेच्या इतक्या फटकळ की डॉक्टरसुद्धा त्यांना वळसा घालून जातात. भिंगरीने त्यांना विचारलं, “मावशी, शेवटचं पोटभर कधी झोपलात?” मावशी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. रडून झाल्यावर म्हणाल्या, “आता पुढचं विचार. आणि हे कोणाला सांगशील तर बघ.” नंतर त्यांनी स्वतःच सगळ्या इस्पितळाला सांगितलं, म्हणून मला कळलं.

घोडं अडलं ते रक्तावर. तळमजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत भिंगरीने रक्त घ्यायची व्यवस्था केली. दारावर पडदा लावला, तो मीच शिवून दिला. एक तंत्रज्ञ बाटल्या आणि पट्ट्या मांडून बसली. कोणी फिरकेना. येणारे-जाणारे त्या दाराकडे असे बघायचे, जणू आत वाघ बसलाय.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी इथे प्रयोगशाळेत एक माणूस होता, हसतमुख, सगळ्यांच्या वाढदिवसाला गाणारा. त्याला हीच लागण निघाली. कशी कोण जाणे, बातमी फुटली. त्याला उचलून सामानाच्या कोठारात टाकलं. त्याचा चहाचा कप लोकांनी वेगळा काढला. हा आजार कपातून पसरत नाही हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं, तरी काढला. त्याने थोडे दिवस खाली मान घालून काढले आणि मग नोकरी सोडून निघून गेला. मी त्याचा शेवटचा सदरा शिवलेला, तो न्यायलाही आला नाही.

आणि दुसरं कारण आमच्या घरात होतं. मोठ्या सिस्टर रक्त द्यायला गेल्या नाहीत, म्हणून बाकीचेही गेले नाहीत.

एका संध्याकाळी जेवताना भिंगरीने विषय काढलाच. “आई, तू एकदा खाली येऊन जा ना.”

“मला काय धाड भरलीय?” ही म्हणाली. “इतक्या वर्षांत एक दिवस आजारपणाची रजा घेतली नाही मी.”

“तोच तर आजार आहे तुझा.”

“बघा हो, काय बोलतेय ही!” हिने मला मध्ये ओढलं. मी आमटीत घास बुडवायचं काम एकदम मन लावून करायला लागलो.

“आई, मी जबरदस्ती करणार नाही,” भिंगरी हळू आवाजात म्हणाली. “तुझं रक्त, तुझी मर्जी. नियमच आहे तसा. पण लोक माझ्याकडे बघत नाहीत, तुझ्याकडे बघतात, एवढं लक्षात ठेव.”

ही ताट घेऊन उठली. भांडी घासताना जरा जास्तच आवाज झाला.

पुढे जे घडलं ते मला हिने स्वतः सांगितलं, म्हणून जसंच्या तसं सांगतो.

वॉर्डात एक नवी सिस्टर लागली होती. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, कामाला चटपटीत, आणि मोठ्या सिस्टरना भयंकर घाबरणारी. त्या आठवड्यात माणसं कमी होती म्हणून तिला एका पाळीला जोडून दुसरी करावी लागली होती. सकाळी हिला दिसलं की पोरगी जागेवर नाही. शोधत शोधत ही चादरींच्या खोलीत गेली, तर ती कपाटाच्या आड जमिनीवर बसून रडत होती. उजव्या हाताने डाव्या हाताचं बोट गच्च दाबून धरलेलं.

“काय झालं?”

“काही नाही, सिस्टर.”

“बोट दाखव.”

वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवताना झोपेच्या गुंगीत सुई बोटात घुसली होती. ज्या रुग्णाची सुई होती, त्याला हीच काविळीची लागण होती. हे तिला माहीत होतं, आणि तरी ती कोणाला न सांगता चादरींमध्ये लपून बसली होती.

“अगं, ताबडतोब सांगायचं असतं! शिकवलं नाही तुम्हाला?” हिचा आवाज चढला.

पोरीने डोळे पुसले. त्या घटकेला बहुतेक तिची भीतीही संपली असावी. ती म्हणाली, “सिस्टर, तुम्ही कधी सांगितलंत?”

ही मला म्हणाली, “अहो, तोंडात मारल्यासारखं झालं हो. त्या लेकराने उर्मटपणाने विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.”

हिला किती वेळा सुया टोचल्या असतील याचा हिशोबच नाही. दरवेळी नळाखाली बोट धरायचं, रक्त वाहू द्यायचं, चिकटपट्टी लावायची आणि पुढच्या रुग्णाकडे जायचं. तिला तिच्या वरच्या सिस्टरने तसंच शिकवलं होतं, आणि न बोलता हिने पुढच्यांना शिकवलं.

हिने पोरीला हाताला धरून उभं केलं, तडक अपघात विभागात नेलं आणि समोर उभं राहून तिला संरक्षणाची दोन्ही इंजेक्शनं, लगेच आधार देणारं आणि लसीचं, द्यायला लावली. तिथल्या डॉक्टरांना म्हणाली, “नोंद करा. सुई टोचली, दोन पाळ्या जोडून केल्यामुळे टोचली, असं स्पष्ट लिहा.” पोरीला घरी झोपायला पाठवलं. मग जिना उतरून तळमजल्यावर गेली, माझ्या हातचा पडदा बाजूला सारला आणि तंत्रज्ञासमोर हात ठेवला.

भिंगरी तेव्हा तिथे नव्हती. अभ्यासाची रचनाच अशी होती, की रक्ताच्या बाटलीवर नाव नसायचं, फक्त आकडा. निकाल यकृताचे म्हातारे डॉक्टर बंद खोलीत ज्याचा त्याला सांगायचे. भिंगरीच्या हाती पडायचे ते नुसते आकडे. आई येऊन गेली हे तिला कळलं, कारण ते साऱ्या इस्पितळाला कळलं. आईच्या रक्तात काय निघालं हे तिला कळणार नव्हतं.

मोठ्या सिस्टर गेल्या म्हटल्यावर त्यांच्या वॉर्डातले काहीजण दबकत दबकत जाऊन आले. दारातला वाघ जरा निवल्यासारखा वाटला.

आणि मग एका दुपारी ही दुकानात आली. ड्यूटीच्या वेळात ती कधी दुकानात येत नाही. मी कोटाच्या बाहीला अस्तर लावत होतो. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि कापडाचा एक तुकडा उचलून त्याच्या घड्या घालत राहिली.

“ऐकलंत का,” ती म्हणाली, “मला आहे ते.”

मशीनवरचा माझा पाय थांबला. मग मी विचारलं, “किती वाईट आहे?”

“यकृत अजून शाबूत आहे. थोडी सूज आहे. रोज एक गोळी घ्यायची, दर काही महिन्यांनी तपासणी करायची. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलंय. अजून चार-पाच वर्षं अशीच गेली असती, तर मग...” तिने ती घडी मोडली आणि पुन्हा घातली. “तुम्हालाही तपासावं लागेल. नवरा-बायकोत पसरतं हे. भिंगरीची काळजी नाही, तिची कॉलेजात जाताना तपासणी झालीय आणि लसही.”

“मी आत्ता येतो,” मी म्हणालो आणि उठलोच.

तेव्हा कुठे ती हसली. “बसा. आयुष्य सुईवर काढलं, पण इंजेक्शन म्हटलं की पाचावर धारण बसते तुमची. उद्या मी धरून नेईन.” मग तिचा चेहरा बदलला. “तिला सांगू नका. भिंगरीला. तिचा अभ्यास चाललाय. कोणाचं काय निघालं हे तिला कळता कामा नये, असा तिचाच नियम आहे. आईसाठी तो मोडायला नको.”

मला वाटलं होतं, ती स्वतःसाठी रडेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्या प्रयोगशाळेतल्या माणसासाठी. “त्याचा कप वेगळा काढला तेव्हा मी तिथेच होते हो,” ती म्हणाली. “मी काढला नाही. पण मी परतही ठेवला नाही.”

दुसऱ्या दिवशी माझं रक्त तपासून झालं. माझ्यात काही निघालं नाही. मला लस सुरू झाली आणि पहिल्याच सुईला मी डोळे मिटून हिचा हात असा दाबला, की तिने परिचारिकेला सांगितलं, “यांना नको, मलाच काहीतरी द्या दुखण्यावर.”

इकडे इस्पितळात कुजबुज सुरू झाली. दोघा-तिघांना निघालंय म्हणे. कोणाला, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे जो तो दुसऱ्याच्या बोटांकडे बघायला लागला. कुजबुज चढत चढत मोठ्या साहेबांपर्यंत गेली. हे साहेब इस्पितळाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण रुग्णांच्या नातेवाइकांना आणि वर्तमानपत्रांना फार भ्यायचा. त्यांनी सगळ्या वॉर्डांच्या प्रमुख सिस्टरना, काही डॉक्टरांना आणि भिंगरीला बैठकीच्या खोलीत बोलावलं.

मी त्या बैठकीला असण्याचं काहीएक कारण नव्हतं. पण त्या खोलीचे पडदे जुने होऊन फाटले होते आणि मापं घ्यायला मला त्याच दिवशी बोलावलेलं. बैठक सुरू झाली तेव्हा मी खिडकीपाशी शिडीवर होतो. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. शिडीवरचा शिंपी कोणाला दिसत नाही. मीही उतरलो नाही.

साहेब म्हणाले, “हे बघा, अभ्यासाला माझी ना नाही. पण ज्यांना लागण निघाली त्यांची नावं मला हवीत. त्यांना वॉर्डातून हलवावं लागेल. उद्या बाहेर कळलं तर इथे कोणी पाऊल ठेवणार नाही.”

भिंगरी उठली. घरी ती बोलते तेव्हा हात नाचतात, पाय हलतात. तिथे ती अगदी स्थिर उभी राहिली.

“सर, नावं माझ्याकडे नाहीत. ज्यांच्याकडे आहेत ते डॉक्टर देणार नाहीत. आणि माझ्याकडे असती तर मीही दिली नसती.”

“डॉक्टर, तुमची परवानगी माझ्या सहीने चाललीय.”

“हो, सर. तुम्ही ती मागे घेऊ शकता. मग मी सामान आवरून जाईन. पण ज्यांनी माझ्या शब्दावर रक्त दिलं, त्यांची नावं मी टेबलावर ठेवणार नाही. आणि हलवायची गरजच नाही. ही लागण हात लावल्याने होत नाही, शेजारी बसल्याने होत नाही. औषध घेणारी नर्स औषध घेत काम करू शकते. धोका त्यांच्यापासून आहे, ज्यांना आपल्याला काय झालंय हेच माहीत नाही. तुम्ही नावं मागणार अशी कुणकुण लागली, आणि कालपासून त्या खोलीत एक माणूस आलेला नाही.”

एवढीशी होती तेव्हा ही पोर माझ्या मशीनखाली चिंध्यांच्या बाहुल्या करून बसायची.

साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. “ते सगळं ठीक आहे. पण मला निदान काहीतरी...”

“एक नाव मी देते,” आमची ही म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली होती. उठली तरी बसलेल्यांपेक्षा फार काही उंच दिसत नव्हती, पण सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“माझं लिहा. मला आहे ती लागण. किती वर्षांपासून आहे ते देवाला ठाऊक. मला सुया टोचल्या, मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकायला कोण होतं, हाही प्रश्नच आहे. आता रोज गोळी घेते. यकृताच्या डॉक्टरांनी काम करायची परवानगी दिलीय, ते इथेच बसलेत, विचारा त्यांना.” म्हाताऱ्या डॉक्टरांनी मान हलवली. “तर साहेब, मला हलवा. कोठारात टाका. फक्त उद्या सकाळी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात माझ्या जागी कोण उभं राहणार, तेवढं आत्ता सांगा, म्हणजे मी चाव्या देऊन टाकते.”

तिने कमरेचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला.

मी भिंगरीकडे बघत होतो. तिला तेव्हाच कळलं, त्या घटकेला, सगळ्यांच्या देखत. तिचा चेहरा पांढराफटक पडला. हात टेबलाच्या कडेवर घट्ट दाबले गेले. पण ती हलली नाही, आईकडे धावली नाही. तिथे ती आधी त्या अभ्यासाची डॉक्टर होती, आणि तिने ते शेवटपर्यंत निभावलं. मला विचाराल तर त्या खोलीत एकाच वेळी दोन माणसं माझी होती आणि दोघींपैकी कोणाकडे बघून छाती जास्त फुगवावी हेच मला कळत नव्हतं.

साहेब खुर्चीवरून उठले. मग त्यांनी जुडगा उचलला, टेबलाला वळसा घालून आले आणि तो हिच्या हातात परत दिला.

“सिस्टर,” ते म्हणाले, “ते रक्त घेतात ती खोली कुठेशी आहे?”

“तळमजला. जिन्याच्या उजव्या हाताला,” ही म्हणाली.

साहेब खरंच गेले. कोट काढून, बाही वर करून. निघता निघता माझ्याकडे वर बघून म्हणाले, “मापं झाली का तुमची?” म्हणजे मी दिसत होतो तर.

खोली रिकामी झाल्यावर भिंगरीने आईला मिठी मारली. इतका वेळ धरलेलं सगळं एकदम सुटलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तूच म्हणालीस ना, कोणाचं कोणाला कळता कामा नये.”

“अगं आई, तो नियम माझ्यासाठी होता! तुझं तू कोणालाही सांगू शकत होतीस!”

“हो का?” ही म्हणाली. “मग नीट समजावून सांगायचं ना. एवढी शिकलीस!” आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या. मी शिडीवरून उतरायच्या घाईत शेवटची पायरी चुकलो.

दुसऱ्या सकाळी तळमजल्यावर रांग लागली. सगळ्यात पुढे मावशी. मागच्याने ढकललं तर म्हणायच्या, “थांब रे, मोठ्या सिस्टरनंतर माझा नंबर.” स्वयंपाकघरातले आले, रुग्णवाहिकेचे चालक आले, मुकादम आला, भूल देणारे डॉक्टर आले. ती नवी सिस्टर रांगेतल्यांना पाणी देत फिरत होती. तिची पुढची तपासणी स्वच्छ निघाली हेही इथेच सांगून टाकतो.

अभ्यास पुरा झाला तेव्हा भिंगरीने सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून काय निघालं ते आधी त्यांनाच सांगितलं, मग बाहेर छापायला पाठवलं. आजार कसा पसरतो हे जवळजवळ सगळ्यांना बिनचूक माहीत होतं. तरी निम्म्यांनीसुद्धा लस पुरी घेतलेली नव्हती. ज्यांना लागण निघाली त्यांतल्या बहुतेकांना स्वतःला पत्ता नव्हता. टोचलेल्या सुयांपैकी अगदी थोड्यांची कुठे नोंद होती. आणि जे लोक थकलेले होते, ज्यांना झोप नव्हती, जोडून पाळ्या करत होते, त्यांनाच सुया जास्त टोचल्या होत्या. “माहिती कमी नाही आपल्याकडे,” ती म्हणाली, “विश्रांती कमी आहे. आणि सांगितलं तर आपलं काही वाईट होणार नाही, हा भरवसा कमी आहे.”

हळूहळू गोष्टी बदलल्या. सगळ्या नाही, पण बदलल्या. लस इस्पितळातच मिळायला लागली. पलंगांच्या प्रत्येक रांगेपाशी वापरलेल्या सुया टाकायचा जाड डबा आला, त्यामुळे टोपण परत बसवायचा प्रश्नच उरला नाही. जोडून पाळी द्यायची झाली तर साहेबांची लेखी परवानगी लागायला लागली, आणि साहेबांना लिहायचा कंटाळा, त्यामुळे ती फारशी कोणाला मिळेना. कर्मचाऱ्यांसाठी एक झोपायची खोली झाली. तिच्यातल्या गाद्यांच्या खोळी मी शिवल्या. पहिल्या दुपारी मावशी तिथे जाऊन झोपल्या त्या अशा घोरल्या, की शेजारच्या वॉर्डातून तक्रार आली.

प्रयोगशाळेतल्या त्या माणसाचा पत्ता हिने खटपट करून काढला. दोघी मायलेकी त्याला भेटायला गेल्या. काय बोलणं झालं ते दोघींनीही मला पुरतं सांगितलं नाही. तो इस्पितळात परत आला नाही. दुसरीकडे त्याचं बरं चाललं होतं. पण त्याने यांना दारापर्यंत सोडायला येताना एक गाणं म्हटलं, एवढं कळलं.

पुढच्या वर्षी एका दूरच्या इस्पितळाने भिंगरीला असाच अभ्यास करायला बोलावलं. तिने कळवलं, की मी येते, पण पहिल्या दिवशी माझ्याबरोबर एक सिस्टर असतील. हिला मी नवा गणवेश शिवला, निळा, कडक कॉलरचा. सामान उचलायला म्हणून मीही बरोबर गेलो.

तिथल्या दालनात शंभरेक कर्मचारी बसले होते, हाताची घडी घालून, तोंडं बंद. भिंगरी थोडकं बोलली. मग आमची ही उठली. भाषण तिला येत नाही. वॉर्डात बोलते तसंच बोलली. “मला ही लागण आहे. रोज गोळी घेते, रोज कामाला जाते. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, मी चावत नाही. आमच्या वॉर्डात विचारलंत तर वेगळं सांगतील, पण तिकडे लक्ष देऊ नका.” दालनात हसू पसरलं आणि हाताच्या घड्या सुटायला लागल्या.

मी शेवटच्या रांगेत होतो. शेजारी साफसफाई करणाऱ्या एक बाई बादली पायाशी ठेवून बसल्या होत्या. त्यांनी वाकून मला विचारलं, “त्या सिस्टर कोण हो?”

“माझी बायको.”

“आणि त्या डॉक्टरीणबाई?”

“माझी मुलगी.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “अस्सं!” म्हणाल्या. मग बादली माझ्याकडे सरकवली. “जरा बघा हो हिच्याकडे.” आणि बाही वर सारत रक्त द्यायच्या खोलीकडे निघाल्या.